आप्पांची पंच्याहत्तरी आणि दोन लाखांचा हॉल

पत्र थोडक्यात असं: "ताई, माझे वडील येत्या १ जूनला ७५ पूर्ण करतायत. एसटीत कंडक्टर होते. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते फार वाळलेत, कानाला मशीन आहे. आप्पा गावी दादा-वहिनीकडे असतात, पाटण तालुक्यात, मी पुण्यात. मला त्यांचा मोठा कार्यक्रम करायचाय, कराडला हॉल, दोनशे माणसं, आणि आप्पांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, सरप्राईज. दादाला त्यांची वह्या-पुस्तकांनी तुला करायचीय, वहिनी म्हणते शांत (पंच्याहत्तरीची शांतीपूजा) करू. आप्पांना नुसतं विचारलं तर म्हणाले काही करू नका, केलंत तर मी पंढरपूरला निघून जाईन. बजेट आम्हा दोघांचं मिळून दोन लाख. आणि सख्खे काका, बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांना बोलवायचं का तेही सांगा. – एक लेक"

अगं, सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघ, तुमच्या तिघांच्या वादातला एक मुद्दा तिथेच निकालात निघतोय. यंदा, म्हणजे २०२६ ला, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आप्पांचा १ जून बरोब्बर धोंड्याच्या महिन्यात आलाय. वहिनी म्हणतेय ती पंच्याहत्तरीची ऐंद्री शांत (साठीची उग्ररथ असते तशी ही) अधिकात करायला बहुतेक गुरुजी नकोच म्हणतील, पुढे ढकला म्हणतील, आणि खरं सांगू का, मुहूर्ताचं सोड, आई जाऊन तीनच वर्षं झालीत, अशा माणसाला शेजारचा पाट रिकामा ठेवून दोन तास होमासमोर बसवायचं म्हणजे काय ते वहिनीला एकदा नीट डोळ्यासमोर आणायला सांग, ती स्वतःच गप्प होईल. तिची हौस अगदीच राहिली असेल तर सहस्रचंद्रदर्शन आहेच पुढे, एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास भरतात, तोवर बघू म्हणावं.

आता १ जून. तू अगदी सहज लिहिलंयस की आप्पांचा वाढदिवस १ जूनला. खरंच असतो का तो? आप्पांच्या पिढीतल्या, खेडेगावात शाळेत गेलेल्या कुणालाही विचार, निम्म्यांचा वाढदिवस १ जून निघेल. पोराला शाळेत घालायला आजोबा हाताला धरून न्यायचे, गुरुजी विचारायचे कधीचा जन्म, आजोबा म्हणायचे पेरणी झाली होती बघा, किंवा आमची अमकी गाय व्याली त्याच्या आधी, मग गुरुजी अंगापिंडावरून अंदाज घेऊन साल टाकायचे आणि तारीख १ जून, शाळेचं वर्ष जूनला सुरू व्हायचं म्हणून तेच सोयीचं. तीच तारीख दाखल्यावर, तीच नोकरीला, तीच आधारला. तेव्हा आप्पांना स्वतःला त्या तारखेचं काडीचं कौतुक नसणार, "कागदावरचा वाढदिवस" म्हणतात की नाही बघ. तुमची थोरली आत्या असेल तर तिला एक फोन लाव आणि विचार आप्पा कधी झाले, ती तारीख सांगणार नाही पण सण सांगेल, पाऊस सांगेल, त्या साली घरात आणखी काय झालं ते सांगेल, आणि हे ऐकताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव, कारण हे सांगणारं माणूस आता घरात एखादंच उरलेलं असतं.

पण १ जून अगदीच टाकाऊ नाहीये हां. १ जून हा एसटीचा पण वाढदिवस! १ जून १९४८ ला नगर–पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, आणि दरवर्षी आगारात तोरणं-रांगोळ्या करून वर्धापनदिन करतात. ज्या माणसानं उभं आयुष्य एसटीत काढलं त्याला गुरुजींनी नेमकी तीच तारीख लावली, हा योगायोग आप्पांनी तुम्हाला कधी सांगितलाय का? ते नक्की जाणतात, एसटीतली सगळी माणसं जाणतात. याचं पुढे काय करायचं ते सांगते.

आता खरा मुद्दा. "काही करू नका."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक बापाने म्हटलंय आणि प्रत्येक पोराने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावलाय. एक तर म्हणायचं, अहो ते नुसतं म्हणतात, मनातून हवं असतं त्यांना. नाहीतर म्हणायचं, त्यांनीच नको म्हटलं ना, मग संपलं, केक कापू आणि झोपू. दोन्हीत विचारायचे कष्ट वाचतात. तुझ्या पत्रावरून मला वाटतंय की आप्पांचं "नको" तीन गोष्टींचं मिळून झालंय. एक, खर्च. ईपीएसची (पीएफवाली) पेन्शन महिन्याला किती हातात येते ते तुला माहितीये, त्या माणसाला एका संध्याकाळचे दोन लाख ऐकून घास गिळेल का? ज्यानं आयुष्यभर रोज रात्री आठ आण्यासाठी वेबिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) पुन्हा पुन्हा तपासलं, कॅश कमी भरली तर खिशातून भरली, त्याला पैशाचं गणित डोक्यातून काढायला सांगू नकोस, ते निघत नाही. दुसरं, आई नाहीये, आणि स्टेजवर एकट्यानं बसायचं म्हणजे सगळ्या गावासमोर ते दिसणार. तिसरं जे आहे ते आपल्या लक्षात येत नाही, ते म्हणजे अशा कार्यक्रमात त्या माणसाला करायला काहीच नसतं. सोफ्यावर बसायचं, हार घालून घ्यायचा, शाल घ्यायची (मे महिन्यात शाल! चाळीस शाली!), फोटोसाठी मान वळवायची, भाषणात आपल्याला वटवृक्ष म्हटलेलं ऐकायचं आणि मान हलवायची. जो माणूस भरलेल्या बसमध्ये पुढून मागे साठ माणसांतून वाट काढत फिरायचा त्याला तीन तास सोफ्यावर बांधून ठेवणं हा कसला मान गं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आप्पांना सत्कारमूर्ती करू नका, यजमान करा. कार्यक्रम त्यांच्यासाठी ठेवण्यापेक्षा त्यांना करू दे, तुम्ही दोघं पडद्यामागे राबा.

आणि हे करायला धोंड्याच्या महिन्यासारखं निमित्त नाही. अधिकात लेक-जावयाला घरी बोलवून वाण द्यायचं असतं, तीस-तीन अनारसे, ताम्हन, दिवा, पुरणाचे धोंडे. तुझ्या मिस्टरांना आप्पांच्या हातनं ते वाण घेऊ दे. म्हणजे आप्पांना "तुमचा वाढदिवस करतोय" असं सांगायचंच नाही, "आप्पा, यंदा धोंडा आहे, आम्ही ३१ मेला रविवारी येतोय, जावयाला काय देणार?" असं विचारायचं, आणि मग बघ, दुसऱ्या दिवशी स्वतः पाटणच्या बाजारात जाऊन ताम्हनाचे भाव काढून येतील. आईच्या पश्चात हे सगळं आपल्याला जमणार नाही असं त्यांच्या मनात असणारच, ते त्यांना जमू द्या. वहिनीला सांग स्वयंपाकाचं ती बघेल पण काय करायचं ते आप्पांना विचारून. आणि त्याच दिवशी, त्याच मांडवात संध्याकाळी औक्षण. १ जून सोमवार आहे, म्हणून रविवार सगळ्यांना बरा.

सरप्राईज मात्र डोक्यातून काढून टाक. तू लिहिलंयस की त्यांच्या कानाला मशीन आहे, म्हणजे हॉलमध्ये अंधार करून दोनशे माणसं एकदम ओरडणार आणि त्या मशीनमधून ते सगळं एकावेळी कानात जाणार, नुसता गोंगाट, कोण काय बोलतंय काही कळणार नाही, आणि चेहऱ्यावर तेच उसनं हसू ठेवून ते दोन तास बसतील. शिवाय म्हातारपणी माणसाला तयारी लागते, दाढी करायची असते, चांगला सदरा इस्त्रीचा हवा असतो, गोळ्या कधी घ्यायच्या ते ठरलेलं असतं, बाथरूम कुठंय ते आधी बघून ठेवायचं असतं. हॉलची बाथरूम जिन्याखाली आणि भारतीय पद्धतीची असेल तर? (कुणी ही गोष्ट बघत नाही, फुलांची कमान मात्र तीनदा बघून येतात.) घरापुढं मांडव घाला, साठ-सत्तर माणसं, बस्स. वळवाचे दिवस आहेत म्हणून मांडवाला वर ताडपत्री टाकून घ्या, आणि संध्याकाळी पाचनंतर ठेवा, उन्हात नको. कराडच्या हॉलला अ‍ॅडव्हान्स दिला नसशील अशी आशा करते. दिला असेल तर परत माग, अधिकात लग्नं नसल्यामुळे हॉल रिकामे पडलेले असतात, ते लोक थोडं कापून देतील, भांडू नकोस.

औक्षणाचं जरा सविस्तर सांगते कारण तिथे हमखास गोंधळ होतो. पंच्याहत्तर दिवे एका परातीत लावून ते ओवाळायचे असं सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण पंच्याहत्तर पेटत्या वातींची परात उचलून बघ एकदा, हाताला चटका बसतो, तूप हिंदकळतं आणि पहिली फेरी पूर्ण व्हायच्या आत निम्मे दिवे विझतात. कणकेचे दिवे आदल्या दिवशी करा, चिमूटभर हळद घालून कणीक घट्ट भिजवा, आणि मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवून घ्या म्हणजे तूप झिरपत नाही आणि आकार राहतो. फुलवाती तुपात आधीच बुडवून ठेवा. परात टेबलावर आप्पांच्या समोर, जरा लांब, एकाने पंखा बंद करायचा आणि दोन-तीन जणींनी मिळून दिवे लावायचे, नुसत्या दिवे लावण्यातच पाच-सात मिनिटं जातात आणि खरं तर तीच मजा असते, पोरांना पण लावू दे. ओवाळायचं ते हातातल्या निरांजनाने. पहिला मान थोरल्या आत्यांना, मग तू, वहिनी, नाती. केक आणलात तर आणा, मेणबत्ती फुंकायला लावू नका, समोर एवढे दिवे लावून वर मेणबत्ती विझवायची हे मला तरी बघवत नाही, पण हा माझा जुनाट हट्ट समज.

पंगत बसली की आप्पांना वाढू दे. हो, त्यांना. जिलबीचं ताट हातात द्या आणि सोडून द्या. तू कोपऱ्यात उभी राहून बघ, "कोण राहिलं?" असं म्हणत ते पुढून मागे जातील, आणि शेवटी किती पानं उठली ते न विचारता बरोबर सांगतील. दमले की स्वतः बसतील, तुम्ही "आप्पा बसा, आप्पा बसा" करत मागे फिरू नका. आणखी एक, बँकेतून दहा-दहाच्या कोऱ्या नोटांची दोन बंडलं आणून ठेव आणि आदल्या रात्री त्यांच्या हातात दे, आलेल्या प्रत्येक पोराला द्यायला. आयुष्यभर सुट्ट्यांसाठी लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाच्या खिशात एक दिवस सुट्टेच सुट्टे, यापेक्षा भारी भेट मला तरी सुचत नाही.

भाषणं दोनच. एक पण मानपत्र नको, ते फ्रेम केलेलं, लोडावर टेकलेला फोटो लावलेलं, सोनेरी बॉर्डरचं, जे नंतर कपाटावर उलटं पडतं. त्याऐवजी आप्पांच्या जोडीला जे ड्रायव्हर होते त्यांच्यातलं कोण हयात आहे ते शोध. दादाला माहिती असेल, नाहीतर आगारात जाऊन विचारायचं, रिटायर मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, एका दिवसात पत्ता लागतो. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र जेवलेली, गाडीच्या टपावर नाहीतर देवळात शेजारी शेजारी झोपलेली माणसं, त्यांना माहिती असलेले आप्पा तुला माहितीच नाहीत. त्यांना माईक देऊ नकोस, खुर्ची दे आणि चहा दे, आप्पांच्या शेजारी. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडलेली रात्र, डबल बेल मारली आणि खाली एक म्हातारी राहिली ती गोष्ट, पंच आणि तिकिटांचा ट्रे पावसात भिजला तेव्हा काय केलं, हे सगळं आपोआप निघेल. शेजारी बसून तू नुसतं ऐक, आणि विचारायचंच झालं तर नेमकं विचार. "आप्पा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना" म्हटलं की माणूस गप्प होतो. "भूकंपाच्या पहाटे तुम्ही कुठं झोपला होता?" असं विचार. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, आप्पा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, पाटण तालुक्यातलं घर, पुढचं तासभर तुला काही बोलावं लागणार नाही. ७२ च्या दुष्काळाचं पण विचार, मिलोची (रेशनवरच्या तांबड्या ज्वारीची) भाकरी खाल्ली का, खडी फोडायला कोण कोण जायचं.

तुलेबद्दल दादाशी भांडू नकोस पण त्याला एवढं विचार की आप्पांचं वजन आत्ता किती आहे. तू लिहिलंयस आई गेल्यापासून ते फार वाळलेत. मग सगळ्या गावासमोर तराजूच्या पारड्यात बसवून ते जाहीर करायचंय का? पारडं एका बाजूला वर जातं, माणूस घाबरून दोरी घट्ट धरतो, लोक हसतात, मला तो प्रकारच बघवत नाही. वह्या द्यायचा विचार मात्र चांगला आहे, त्याला धरून राहा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पट किती आहे ते विचारून तेवढे संच घ्या, आणि शाळा सुरू झाल्यावर आप्पांनी स्वतः जाऊन वाटू दे. ज्या शाळेनं त्यांना १ जून दिला त्याच शाळेत. दादाला फ्लेक्स लावायचाच असेल तर एकच, आणि खाली शुभेच्छुकांची ती वीस तोंडं नकोत.

सोमवारी म्हणजे १ जूनला तू लगेच पुण्याला पळू नकोस, एक दिवस रजा टाक. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, आधार कार्ड दाखवायचं. (रिटायर लोकांचा पास वेगळा, त्याचे नियम वेगळे, तो बाजूला ठेव.) त्या दिवशी आप्पांना आणि जमलं तर त्या ड्रायव्हर मित्राला घेऊन स्टँडवर जा, वर्धापनदिनाची सजावट असेल, ओळखीचं कुणीतरी भेटेलच, आणि मग लाल डब्यात बसून त्यांच्या जुन्या मुक्कामी गाडीच्या गावाला जाऊन या. तिथं ते कुणाच्या ओसरीवर जेवायचे ते घर अजून असेल. तिकीट तू काढायला जाऊ नकोस, कंडक्टरशी त्यांना बोलू दे, आपण पण याच लायनीतले हे सांगायला त्यांना कुणी लागत नाही. कार नको हां. तुझ्या मिस्टरांना आधी सांगून ठेव, नाहीतर "एसी लावून आरामात जाऊ ना" म्हणतील आणि सगळ्यावर पाणी.

पैशाचं सांगते. मांडव, जेवण, वाण, वह्या, सगळं धरून दोन लाखांतले निम्मे सुद्धा लागणार नाहीत. उरलेल्यातून आप्पांच्या कानाची नवीन तपासणी करून मशीन बदलायची गरज असेल तर बदल, बाथरूममध्ये धरायला दांडे बसव, कमोड नसेल तर तो करून घे. हे वाढदिवसाच्या दिवशी करू नकोस आणि वाढदिवसाची भेट म्हणून तर अजिबात सांगू नकोस, कुणालाही पंच्याहत्तरीला कमोड भेट मिळालेला आवडत नाही. पावसाळ्याच्या आधी मिस्त्री पाठवून उरकून टाक. आणि हिशोब दादा-वहिनीशी आधीच स्पष्ट कर, पण बरोबर निम्मा-निम्मा करू नकोस, रोज आप्पांचं बघणारी वहिनी आहे, तिच्या खिशातून कमी जाऊ दे आणि तिला त्या दिवसाची साडी तू घे, तिच्या पसंतीची, दुकानात तिला घेऊन जाऊन.

राहिले काका. बांधाचं भांडण आहे म्हणतेस. भाऊ-भाऊ बोलत नसतील तर लोकांना फार इच्छा असते की अशा कार्यक्रमात दोघांना समोरासमोर आणायचं, गळाभेट घडवायची, कुणीतरी मोबाईल धरून उभंच असतं. ते करू नकोस. जमिनीची भांडणं अशी मांडवात मिटत नाहीत आणि न मिटलेलं भांडण चार लोकांत मिटल्यासारखं दाखवायला लावलं की घरी गेल्यावर दुप्पट पेटतं. पण आमंत्रणाची यादी आप्पांनीच करायची आहे, त्यांच्या हस्ताक्षरात, वहीच्या कागदावर. तू फक्त यादी वाचून दाखवताना विचार, "आप्पा, काकांचं काय करायचं?" आणि गप्प बस. ते म्हणाले बघू, तर दोन दिवसांनी परत एकदा विचार. हो म्हणाले तर फोन त्यांनीच करायचा, तू किंवा दादाने नाही. नको म्हणाले तर विषय तिथेच सोड, आणि अनारशांची ऑर्डर आठवडाभर आधी दे, धोंड्यात सगळ्यांनाच हवे असतात.